पाच बरगड्या, तीन चेंडू

मंगळवार, ५ मार्च
पुरुषांचा वॉर्ड, खाट अकरा

चि. पदवीधर हिस मामाचे आशीर्वाद.

आधी खाली बस, मग वाच. मी ठीक आहे. अक्षर वाकडं आलंय ते उताणं पडून लिहितोय म्हणून, माणूस अजून सरळच आहे.

काल सकाळी दिवा लावायला स्टूलवर चढलो आणि पडलो. डाव्या बाजूच्या पाच बरगड्या मोडल्या. बस, एवढंच. बाकी तुझी मामी जे काही कळवेल त्यातून निम्मं वजा कर.

फोन करणार होतो, पण दोन शब्दांनंतर तिसऱ्याला छातीत सुरी फिरते आणि चौथ्याला सिस्टर फोन काढून घेतात. लिहायला बंदी नाही. आपल्या गल्लीतला कंडक्टर रोज सातची गाडी घेऊन तुझ्या गावाला येतोच. दहाला तो तुझ्या हॉस्पिटलच्या फाटकावर पत्र देईल आणि चारला परत निघताना उत्तर घेईल. पोस्टापेक्षा चांगला, फक्त वाटेत पत्र वाचतो. (काय कंडक्टरसाहेब, बरे आहात ना?)

छातीत एक नळी घातली आहे. तिचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत. बाटली प्लास्टिकची! अठ्ठावीस वर्षं ज्याने शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी चंबू, नरसाळी आणि परीक्षानळ्या फुगवल्या, त्याच्या खाटेखाली प्लास्टिक. सिस्टरना म्हटलं, बरा झालो की काचेची करून देतो. त्या म्हणाल्या, आधी बरे व्हा.

आता कामाचं. इथे दोन डॉक्टर आहेत. एक म्हणतात, बाजूने चीर देऊ, मोडलेल्या बरगड्यांना धातूच्या पट्ट्या लावू, स्क्रू पिळू. त्यांचं नाव मी सुतार ठेवलंय. दुसरे म्हणतात, घाई नको, आधी दुखणं मारू, श्वासाचे व्यायाम देऊ, हाडं आपली आपण जुळतात. ते माळी. दोघं खाटेच्या दोन बाजूंना उभे राहतात आणि माझ्या अंगावरून बोलतात. मी मध्ये शेताच्या बांधासारखा पडलेला. शुक्रवारपर्यंत ठरवायला हवं म्हणतात, कारण उशीर झाला की हाडं भलतीकडेच जुळायला लागतात आणि सुताराचं काम कठीण होतं.

घरात शिकलेली तू एकटी. सातवीनंतर माझ्याकडे राहून शिकलीस, ती काही उगाच नाही. तेव्हा कुणाचं ऐकू ते तू सांग. तुझ्यावर माझं दडपण नाही. माळ्याचं ऐक, एवढं फक्त लिही.

तुझा,
मामा

ता. क. खोकला आला की छातीशी उशी दाबून धरायची असते. उशी मामीच्या ताब्यात आहे. खोकला नसतानाही दाबते.


बुधवार, ६ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र फाटकावर उभ्यानेच वाचलं. कंडक्टरकाका म्हणाले, "बसून वाच, असं लिहिलंय ना आत!"

पहिला प्रश्न. प्रत्येक बरगडी एका ठिकाणी मोडली आहे की दोन? ओळीने तीन-चार बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडल्या तर मधला तुकडा पिंजऱ्यापासून सुटा होतो. मग श्वास घेताना बाकीची छाती वर येते आणि तो तुकडा मात्र आत जातो. सगळी वरात पुढे आणि हा एकटा मागे. मामीला पाच मिनिटं शांत बसून बघायला सांग. उशी बाजूला ठेवून.

दुसरा प्रश्न. आपल्या घरातलं स्टूल दीड फुटाचं आहे. त्यावरून पडून पाच बरगड्या?

आता तुझ्या डॉक्टरांबद्दल. फिजिओथेरपीची पदवी घेतलेल्या मुलीने पक्षपात करू नये, म्हणून दोन्ही बाजू मांडते. सुतार डॉक्टर म्हणतात ते काही खोटं नाही. सुटा तुकडा पट्टीने बसवला की छाती पुन्हा एकसंध हलते, आणि ज्यांना श्वासच पुरा पडत नाही त्यांना त्याचा खरा फायदा होतो. पण मामा, ज्याचा श्वास स्वतःच्या बळावर पुरतो, त्याला चिरायचं कशाला? पाठीत बारीक नळी घालून दुखणं बोथट करतात, मग खोल श्वास, खोकून कफ काढणं, उठून बसणं, चालणं. माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प याच विषयावर होता, तुला ठाऊक आहेच. नव्वद पानं. तूच बांधून आणला होतास. माणसाच्या श्वासात केवढी ताकद असते, यावर माझा विश्वास आहे. परीक्षेपुरता नव्हे, अगदी मनापासून.

तुला तीन चेंडूंचं यंत्र दिलं असेल. प्लास्टिकचे तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक चेंडू, तोंडात धरायला नळी. तासाला दहा वेळा कर आणि किती चेंडू वर जातात ते लिहून ठेव. एक चेंडू म्हणजे बेताचा श्वास, दोन म्हणजे बरा, तीन म्हणजे उत्तम. तो तक्ता दोन्ही डॉक्टरांना दाखव. निर्णय आकड्यांनी होऊ दे. मताने नको, भीतीने तर नकोच.

मला रविवारशिवाय सुट्टी नाही. इथून सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे हे कळतं मला. पण शेळी नीट चालली तर बिघडलं कुठे?

तुझी,
पदवीधर (नावाने हाक मारायला काय होतं रे तुला?)


गुरुवार, ७ मार्च, सकाळ

चि. पदवीधर,

शेळीने डोंगर पार केला!

आधी तुझा पहिला प्रश्न. दोन-दोन ठिकाणी. मामीने पाच मिनिटं बघितलं आणि रडायला लागली, म्हणून निष्कर्ष कळला नाही. तुझा दुसरा प्रश्न. स्टूल उंच होतं. विषय संपला.

आता तक्ता. शेजारच्या बारा नंबरच्या खाटेवर एक निवृत्त हेडमास्तर आहेत. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, पण हात शिवशिवतात. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, तक्ता मी ठेवणार. पट्टीने रेघा मारून, लाल शाईने. काल दुपारी माळी डॉक्टरांच्या मदतनीस बाई यंत्र देऊन गेल्या. घाईत होत्या, "ओढा, दहा वेळा" म्हणाल्या आणि पळाल्या. मी पहिल्यांदा तोंड लावलं तर चेंडू ढिम्म. म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं असं व्हायला नको, जरा यंत्राकडे बघू. बघितलं. माझ्या पद्धतीने धरलं. आणि काय सांगू! पहिल्याच दमात तिन्ही चेंडू टाळूला! कारागिराला हत्यार कसं धरायचं ते शिकवावं लागत नाही.

हेडमास्तरांनी तक्त्यात लिहिलं: तीन, तीन, तीन, तीन. खाली शेरा: "अत्यंत समाधानकारक." नऊ नंबरच्या खाटेने टाळ्या वाजवल्या.

आज सकाळी सहाच्या फेरीत दोन्ही डॉक्टर आले. माळ्याने तक्ता वाचला, भुवई वर गेली. सुताराने तो दोनदा वाचला, परीक्षेत कॉपी शोधणाऱ्या मास्तरसारखा. म्हणाला, "ऑक्सिजन वाढवावा लागतोय आणि हे तीन?" हेडमास्तर म्हणाले, "माझ्या तक्त्यावर शंका घेणारा अजून जन्मायचा आहे." माळी म्हणाला, आकडे इतके चांगले असतील तर शनिवारपर्यंत थांबू. सुतार मान हलवत गेला.

जिंकलो! सुतार ऑपरेशननंतर दोन महिने फुंकायचं नाही म्हणाला होता. माळी तसं काही म्हणालेला नाही. मला मार्चअखेर एक काम पुरं करायचं आहे. कसलं ते विचारू नकोस.

तुझा विजयी,
मामा


गुरुवार, ७ मार्च, दुपार

प्रिय, प्रिय मामा,

तीन! मी तुझं पत्र जेवणाच्या खोलीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हेडमास्तरांचा शेरासुद्धा. मग तुझे आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आमच्या फलकावर लावले आणि वर लिहिलं: "पाच बरगड्या, तीन चेंडू. श्वासावर विश्वास ठेवा!" उद्गारचिन्हासकट.

आमच्या विभागाच्या मॅडम फलकासमोर बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीन? मला सर्दी झाली की दोनच्या वर जात नाहीत." मी म्हटलं, "मॅडम, ते काच फुगवतात. अठ्ठावीस वर्षं." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आपल्या खोलीत गेल्या. मला वाटतं, थोड्या खजील झाल्या असाव्यात.

बघ मामा, लोक म्हणतात, पदवी म्हणजे कागद. पण माझ्या पत्रामुळे एक माणूस चिरायचा वाचला आणि तो माझा मामा निघाला, यापेक्षा त्या कागदाचं दुसरं सार्थक कुठलं? रविवारी येते. तो तक्ता जपून ठेव, मला हवाय.

मार्चअखेरचं कसलं काम? तीस तारखेला माझा पदवीदान समारंभ आहे, एकतीसला घरी येणार आहे मी. तेव्हा तू मला बिछान्यात हवास, भट्टीपुढे नाही.

तुझी,
पदवीधर


गुरुवार, ७ मार्च, संध्याकाळ

पोरी,

मी पत्रं लिहिणारी नाही हे तुला माहीत आहे. पण तुझे मामा झोपलेत आणि कंडक्टर म्हणाला, उद्या सकाळी नेतो, काय ते लिहून द्या.

तू यंत्राचं कौतुक केलंस ते त्यांनी साऱ्या वॉर्डला ऐकवलं. मला एकच विचारायचं आहे. ते यंत्र उलटं धरायचं असतं का? म्हणजे बूड वर आणि चेंडू डोक्यावर, असं? ते तसं धरून फुंकतात. गाल एवढे फुगतात की भट्टीवर बसलेत असं वाटतं. छाती मात्र हलत नाही. मी म्हटलं, अहो, तेरा नंबरवाले सुलटं धरतात आणि आत ओढतात. तर म्हणाले, तेरा नंबरवाला काचकामगार आहे का?

आज दुपारी त्या मदतनीस बाई नसताना त्यांनी एकदा सुलटं धरून बघितलं. मी दाराआडून पाहिलं. एकही चेंडू हलला नाही. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग इकडे तिकडे बघून पुन्हा उलटं केलं.

सिस्टरने ऑक्सिजनचा काटा सकाळी दोनवरून चार केला, आता सहा. नखं मला निळसर वाटतात, पण वॉर्डातल्या दिव्याचा रंगही तसाच आहे. बोलताना तीन शब्दांवर थांबतात. तू शिकलेली आहेस, तुला कळेल. मी विचारलं हे सांगू नकोस. चहा घेत जा वेळेवर.

मामी


शुक्रवार, ८ मार्च, सकाळी साडेदहा

तीर्थरूप मामांस कोपरापासून नमस्कार.

हे पत्र तुला मिळेल तोवर मी तुझी चहाडी करून मोकळी झालेली असेन. खरं तर झालेच आहे. दहा मिनिटांपूर्वी तुझ्या वॉर्डात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, फोनवर रुग्णाची माहिती देत नाही. मी म्हटलं, मला घ्यायची नाहीये, द्यायची आहे.

मी लहानपणी शेजारच्या मुलांच्या चहाड्या करायचे तेव्हा तू म्हणायचास, "चहाडखोराच्या जिभेला हाड नसतं." बरं झालं, नाही. निदान घरात मोडायला एक हाड कमी.

मामा, ते यंत्र श्वास आत ओढण्यासाठी असतं. मोडलेल्या पिंजऱ्याखाली फुप्फुस दबतं, ते उघडायचं असतं, म्हणून. तू ते उलटं करून गालांनी फुंकलंस. काच फुगवणारे छातीने फुंकत नाहीत, गालांनी फुंकतात, हे मला तूच तुझ्या भट्टीपुढे बसवून शिकवलं होतंस. मी आठवीत होते. मला ते आठवायला हवं होतं. तुझ्या पत्रात "माझ्या पद्धतीने धरलं" असं चक्क लिहिलं होतं आणि मी ते साऱ्या जेवणाच्या खोलीला वाचून दाखवलं! मॅडमना कळलं होतं. मला कळलं नाही, कारण मला कळून घ्यायचं नव्हतं. तीन चेंडू माझ्या नव्वद पानांच्या बाजूचे होते ना!

पहिल्या दिवशी तू चुकलास, ते मी समजू शकते. तुझ्यासारख्या माणसाने फुंकलं नसतं तरच नवल. पण काल तुला कळलं होतं. एकही चेंडू हलला नाही हे तुला ठाऊक होतं आणि तरी हेडमास्तरांच्या तक्त्यात तू तीन लिहू दिलेस. मी म्हटलं होतं, निर्णय आकड्यांनी होऊ दे. तू आकडेच भट्टीत घालून हवे तसे वाकवलेस.

आता ऐक. मी पक्ष बदलला आहे. सुतार डॉक्टर बरोबर आहेत. ज्याचा श्वास पुरतो त्याने थांबावं. तुझा पुरत नाहीये. सहा लिटर ऑक्सिजन, निळी नखं आणि तीन शब्दांवर धाप, हे कुणाच्या मताचे आकडे नाहीत. त्यांनी ऑपरेशन म्हटलं तर हो म्हण. मला शिव्या नंतर दे. शिव्या द्यायलासुद्धा श्वास लागतो.

फलकावरचा कागद मी काढला. मॅडम म्हणाल्या, "उद्गारचिन्ह तेवढं ठेवायचंस." मग म्हणाल्या, "जा घरी. सुट्टीचं मी बघते."

मी पत्राच्या मागोमाग येते आहे.


गुरुवार, १४ मार्च

श्रीमती घरभेदी यांस,

आशीर्वाद देणार नव्हतो, पण सवयीने हात वर झाला. डावा हात, लक्षात घे. पडलो त्या दिवसापासून तो वर जात नव्हता.

शनिवारी तू आलीस, रविवारभर खाटेशी बसलीस, तेव्हा मी झोपलेला नव्हतो. शनिवारी ऑपरेशननंतरचं श्वासाचं मोठं यंत्र माझ्या वतीने श्वास घेत होतं, ते खरं. पण रविवारी घशातली नळी काढली होती आणि मी चक्क जागा होतो. तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तू माझ्या पायांवरची चादर सारखी करत होतीस आणि नाक ओढत होतीस. नाक ओढायला तुला सुलट यंत्र लागत नाही वाटतं!

शुक्रवारी काय झालं ते सांगतो. तुझा फोन आला आणि अर्ध्या तासात दोन्ही डॉक्टर माझ्यापुढे. माळ्याने यंत्र सुलटं करून माझ्या हातात दिलं. म्हणाला, "ओढा." ओढलं. तिन्ही चेंडू बसल्या जागी. हेडमास्तरांनी लाल पेन उघडलं, तक्त्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत काट मारली आणि माझ्याकडे पाठ केली. पाय प्लास्टरमध्ये असताना पाठ फिरवणं सोपं नाही, पण त्यांनी ती फिरवली. त्याचं जे वाटलं ते कशाचंच वाटलं नाही.

मी वाट बघत होतो की आता सुतार माळ्याला हिणवेल. तर माळीच सुताराला म्हणाला, "आज संध्याकाळी टेबल मिळेल का?" मी म्हटलं, "तुम्ही माझ्या बाजूचे ना?" माळी म्हणाला, "काका, पट्ट्यांना माझी हरकत कधीच नव्हती. तुमच्या तक्त्याने मला थांबवलं होतं. श्वास पुरत असेल तर मी थांबतो, पुरत नसेल तर मीच यांना बोलावतो." आणि सांगू? ऑपरेशनला सुताराच्या समोर उभा राहून चीर उघडी ठेवायचा लोखंडी आकडा धरणारा माळीच होता. सिस्टर सांगत होत्या, दोघं रोज एकाच डब्यात जेवतात. दोन दिवस मी वॉर्डात जे महायुद्ध रंगवून सांगत होतो ते नुसतं दोन जावांचं कुजबुजणं निघालं.

तीन बरगड्यांना पट्ट्या लावल्या. उरलेल्या दोन तशाच सोडल्या, त्या जुळतील म्हणाले. म्हणजे सुतारही जिंकला आणि माळीही. हरलो मी.

ऑक्सिजन काल काढला. दुखतं, पण हे दुखणं वेगळं. आधी आत काहीतरी सुटं खडखडायचं, रिकाम्या पेटीतल्या फुटक्या नळीसारखं. आता सगळं एकत्र हलतं.

एवढं सांगून पत्र संपवतो. अजून रागावलेला आहे.

मामा


शुक्रवार, १५ मार्च

प्रिय रागावलेल्या मामा,

तू जागा होतास हे मला माहीत होतं. झोपेत तुझं तोंड उघडं असतं.

रागाव. आणखी महिनाभर रागाव, वर्षभर रागाव. तेवढा श्वास आता तुझ्याकडे आहे.

मात्र एक हिशेब राहिलाय. रविवारी तू "झोपलेला" असताना माळी डॉक्टर मला बाहेर भेटले. मी विचारलं, "दीड फुटाच्या स्टूलवरून एवढं?" ते हसले. "स्टूल? त्यांच्या केसपेपरवर दहा फूट शिडी, भिंतीच्या कडेवर डावी बाजू, असं आहे. आणि एक गोष्ट आम्हाला कळलेली नाही. पडताना माणूस हात पुढे करतो. यांच्या हाताला साधं खरचटलेलंही नाही."

मामीला विचारलं तर तिने ओठ शिवले. म्हणे शपथ घातली आहेस. कंडक्टरकाकांना विचारलं तर ते तिकिटं मोजायला लागले. म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत आहे आणि एका मला नाही. दहा फूट शिडी कशाला लागली, मामा? शेजारच्यांच्या झाडाचे पेरू काढत होतास का? पन्नाशी उलटली तुझी. मी कुणाला सांगणार नाही. (माझ्या या आश्वासनाची किंमत आता तुला माहीत आहे, तरीही.)

चेंडूंचं काय? खरा आकडा कळव. शून्य असेल तर शून्य.

तुझी,
घरभेदी पदवीधर


सोमवार, १८ मार्च

चि. पदवीधर,

एक. सुलटं धरून, आत ओढून, एक. हेडमास्तरांनी स्वतः वाकून खात्री केली, नवा कागद घेतला आणि लिहिलं: "१. प्रामाणिक." नुसतं एवढंच. मला पूर्वीच्या सगळ्या तिनांपेक्षा ते बरं वाटलं, पण त्यांना सांगितलं नाही.

आता पेरू. कसले पेरू? तुझ्या डोक्यात पेरू यायला मी काय माकड आहे?

मी दिवा लावत होतो, हे शब्दशः खरं आहे. फक्त घरात नाही, घरावर.

दुकानांवर असते ना, निऑनची, लाल उजेडाची पाटी? तशी एक करत होतो. काचेची नळी तापवायची, तोंडाने रबरी नळीतून फुंकत राहायचं म्हणजे वळणावर काच चेपत नाही, आणि अक्षराचा आकार द्यायचा. आत वायू भरून देणारा माझा मित्र आहे. तीन महिने कामावरून सुटलो की रोज थोडं थोडं. "पदवीधर" एवढंच लिहायचं होतं. तुझं नाव लांबलचक, तेवढी काच नव्हती. प, द, वी, ध झाली होती. र राहिला होता. एकतीस तारखेला तू घरी येशील, गल्लीच्या तोंडापासून तुला लाल उजेड दिसेल, असं मनात होतं.

त्या सोमवारी माप घ्यायला शिडीवर चढलो. ध हातात होता. शिडी सरकली. पदवीधर, काच हातात असताना पडलं तर काय करायचं हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात: काच सोड, हात वाचव. मी इतक्या पोरांना हेच शिकवलं. पण ध सोडवेना. तो दोन्ही हातांनी वर धरला आणि भिंतीच्या कडेवर छाती पडू दिली.

धला तडाही गेला नाही. काच शाबूत, बरगड्या पाच.

तुला सांगितलं नाही, कारण तू रडशील. मग म्हणशील, माझ्या पदवीपायी मामा मोडला. तर हे लिहून ठेव: पदवीपायी नाही, शिडीपायी. शिडी शेजाऱ्याची होती आणि तिचा एक पाय आखूड आहे.

आणि हो, म्हणून ऑपरेशन नको होतं. दोन महिने फुंकायला बंदी म्हणजे र राहिला. माळ्याला परवा विचारलं, तुमच्या पद्धतीने गेलो असतो तर लगेच फुंकता आलं असतं ना? तो म्हणाला, "तीन महिने नाही." म्हणजे एवढं सगळं करून मी महिनाभर तोट्यातच जाणार होतो!

मामा


मंगळवार, १९ मार्च

मामा,

रडले. तुझा अंदाज खरा ठरला, समाधान मान.

मी मोठमोठं बोलत होते: पदवी म्हणजे सेवा, पदवी मिरवायची नसते. आणि तू ती लाल उजेडात छपरावर लावणार? गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला. डॉक्टरांना घरी बोलवायचं तरी कसं?

एकतीसला येते. तोवर भट्टी पेटवायची नाही, शिडीला हात लावायचा नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. तुला नळी वळवायला परवानगी आहे का, ते मी माळी डॉक्टरांना विचारून घेईन. खरं काय ते मीच विचारणार, तू नाही.

फुंकायचं कुणी ते मी ठरवलं आहे.

पदवीधर


शुक्रवार, १२ एप्रिल

चि. पदवीधर हिस अनेक आशीर्वाद.

तू परत गेल्यावर वायू भरून आला आणि सोमवारी पाटी लागली. शिडीवर वायरमन चढला, स्वतःची शिडी घेऊन. मी खाली खुर्चीवर. मामीने उशी आणली होती, माझ्यासाठी की वायरमनसाठी, ते विचारलं नाही.

अंधार पडायच्या सुमाराला बटण दाबलं. गल्लीतले सगळे बाहेर आले. हेडमास्तर कुबड्यांवर आले, त्यांना घेऊन कंडक्टर आला. प, द, वी, ध एका मापाची, एका जाडीची, उभ्या आयुष्यात इतकी सरळ अक्षरं मी काढली नव्हती. आणि शेवटी तुझा र. पोटात वारा भरल्यासारखा फुगलेला, बाकीच्या चौघांपेक्षा दीडपट जाड. मी तुला सांगत होतो, हळू, गालांनी, गालांनी! तू छातीने फुंकलंस. नव्वद पानांचा श्वास एका अक्षरात घातलास.

हेडमास्तरांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "शेवटचं अक्षर बिघडलंय. काढून नवं करा."

मी म्हटलं, "नाही. तो र पदवीधराने स्वतः फुंकलाय. त्याला हात लावायचा नाही."

तेव्हापासून येणारा-जाणारा विचारतो, र असा का? मी त्याला खुर्ची देतो आणि पहिल्यापासून सांगतो. उलट्या यंत्रासकट. चार जणांना सांगून झालं, अजून धाप लागलेली नाही.

आज सकाळी दोन चेंडू. खोटं वाटत असेल तर मामीला विचार. चहाडखोरीत ती तुझी गुरू आहे हे मला आता कळलंय.

तुझा,
मामा

ता. क. घराण्यातल्या पहिल्या पदवीधराचा र जाड आहे, पण लांबून आधी तोच दिसतो. गाडी वळली की मला रोज. आपला, कंडक्टर.